वाचकांचे प्रश्न : तीन दिवस मशीन बंद, आता काय?

किरणोपचार विभागाच्या कामकाजाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. लिहिणाऱ्यांत विभागप्रमुख आहेत, टेक्नॉलॉजिस्ट आहेत, स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत आणि एका पेशंटचा मुलगाही आहे. नावं आणि रुग्णालयं वगळली आहेत.

प्रश्न : नागपुरातल्या एका रुग्णालयात पुढच्या महिन्यापासून रेडिएशन ऑन्कॉलॉजीची विभागप्रमुख म्हणून सूत्रं घेते आहे. एक लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं मशीन), एक जुनं कोबाल्ट (किरणोत्सारी कोबाल्टवर चालणारं मशीन) आणि ब्रॅकीथेरपी (शरीराच्या आत किरणोत्सारी सोर्स नेऊन उपचार) एवढी सामग्री आहे. सगळे म्हणतात, आधी नवीन मशीनचा प्रस्ताव टाका. तुमचं काय मत?

प्रस्ताव टाका, पण दोन आठवडे थांबून. त्या दोन आठवड्यांत तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, बरं करण्याच्या उद्देशाने उपचार दिलेल्या आणि पूर्ण झालेल्या शेवटच्या पन्नास फायली काढा. प्रत्येक फायलीतून चार तारखा एका कागदावर उतरवा: ऑपरेशन किंवा बायोप्सीची, सिम्युलेशनच्या, म्हणजे उपचाराच्या आखणीसाठी घेतलेल्या सीटी स्कॅनची, पहिल्या फ्रॅक्शनची (एका वेळी देतात त्या डोसची) आणि शेवटच्या फ्रॅक्शनची. विभागाचं आरोग्य या चार तारखांत दिसतं, मशीनच्या माहितीपत्रकात नाही.

ताडून पाहायला आकडे हे. ऑपरेशननंतर किरणोपचार द्यायचे असतील तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. डोक्या-मानेच्या कर्करोगात आठवड्याला पाच याप्रमाणे ३५ फ्रॅक्शनमध्ये ७० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) द्यायचे असतील आणि सोमवारी सुरुवात केली, तर शेवटचा दिवस ४७ वा येतो. शुक्रवारी सुरुवात केली तर तोच ४९ वा. म्हणजे 'आज जागा आहे, घेऊन टाका' असं म्हणत शुक्रवारी सुरू केलेल्या पेशंटचे दोन दिवस पहिल्याच दिवशी गेले. गर्भाशयमुखासाठी बाहेरून दिलेले किरण आणि ब्रॅकीथेरपी मिळून सगळं ५६ दिवसांत संपायला हवं.

दिवसांचा एवढा हिशोब कशासाठी? स्क्वेमस पेशींचा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यापासून जास्त वेगाने वाढायला लागतो. तिथून पुढे रोजचे जवळपास ०.६ ग्रे ही नवी वाढ मारण्यातच खर्च होतात. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला तर स्थानिक नियंत्रणाची शक्यता सरासरी १.४ टक्क्यांनी घसरते, असा अंदाज या क्षेत्रात धरला जातो. आठवडाभर वाया गेला तर जे नुकसान होतं, ते कुठलंही नवं तंत्र भरून काढत नाही.

आता जिथे दिवस जास्त लागले आहेत तिथे कारण लिहा: मशीन बंद, सुट्टी, तोंड आलं, पांढऱ्या पेशी कमी झाल्या, सरकारी योजनेची मंजुरी आली नाही, पेशंट गावी गेला. बेरीज केली की प्रस्ताव कशाचा टाकायचा ते कळेल. दिवस सीटी आणि पहिल्या फ्रॅक्शनच्या मधे अडकत असतील तर तुम्हाला मशीन नको आहे. प्लॅनिंगचं आणखी एक वर्कस्टेशन आणि आणखी एक मेडिकल फिजिसिस्ट (डोसचा हिशोब आणि मशीनची मोजमापं करणारा) हवा आहे, आणि तो खर्च मशीनच्या मानाने किरकोळ आहे. पेशंटच गैरहजर राहत असतील तर राहण्याची सोय आणि रोज संध्याकाळी गैरहजर पेशंटला फोन करणारा एक माणूस हवा. विदर्भात या गैरहजेरीला ऋतू असतो. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, दिवाळीच्या आसपास भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी. सात आठवड्यांचा उपचार ठरवतानाच पेशंटला विचारा, 'या काळात शेतावर कोण जाणार?' उत्तर मिळालं नाही, तर तो पेशंट चौथ्या-पाचव्या आठवड्यात दिसेनासा होणार हे धरून चाला.

सुट्ट्यांची यादी जानेवारीतच घेऊन बसा. पोळा, मारबत, दसरा, दिवाळी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या गर्दीमुळे त्या भागातले रस्ते वळवलेले असतात, पेशंट निघाले तरी वेळेवर पोचत नाहीत. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त मशीन बंद ठेवायचं नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत मांडा. दिवाळीत सगळा विभाग उघडा ठेवावा लागत नाही. डोक्या-मानेचे आणि गर्भाशयमुखाचे पेशंट तेवढे घेतले की अर्ध्या दिवसात काम होतं.

कागदांचंही पाहा. अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि जबाबदारी संस्थाचालकाची. रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर ही वेगळी मान्यता आहे, ती विभागप्रमुखाच्या खुर्चीबरोबर येत नाही. परवान्याची मुदत, सेफ्टी ऑफिसरच्या मान्यतेची मुदत, सर्व्हे मीटरचं (खोलीतले किरण मोजणाऱ्या यंत्राचं) कॅलिब्रेशन, टीएलडी बॅजचे (कर्मचाऱ्याला लागलेला डोस नोंदणाऱ्या बिल्ल्याचे) अहवाल आणि मशीनचा शेवटचा वार्षिक क्यूए (गुणवत्ता तपासणी), एवढं एका फायलीत ठेवा. सेफ्टी ऑफिसरला लेखी द्या की शंका आली तर मशीन थांबवायला त्याला तुमची परवानगी लागणार नाही. हे पत्र न देता 'आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात' म्हणण्यात अर्थ नाही.

ओपीडी मात्र सोडू नका. पद आलं की आधी ओपीडी सुटते, मग आठवड्याची प्लॅन तपासणीची बैठक सुटते, आणि वर्षभरात विभागप्रमुख फक्त सह्या करतात.

प्रश्न : मे महिन्यात आमचं लिनॅक मंगळवारी सकाळी बंद पडलं आणि गुरुवारी रात्री सुरू झालं. ४८ पेशंट उपचारावर होते. आम्ही सगळ्यांची तारीख तीन दिवसांनी पुढे ढकलली. वरिष्ठांनी यावर आक्षेप घेतला. दुसरं काय करता आलं असतं? (सहयोगी प्राध्यापक, नागपूर)

आक्षेप बरोबर होता. सगळ्यांना सारखं पुढे ढकलणं न्याय्य दिसतं, पण कर्करोगाचे सगळे प्रकार सारखे वाढत नाहीत.

मशीन बंद पडल्यापासून दोन तासांत तीन याद्या तयार व्हायला हव्यात. पहिल्या यादीत डोकं-मान, गर्भाशयमुख, फुप्फुस आणि गुदद्वाराचे, बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असलेले पेशंट. यांचा एकूण काळ दोन दिवसांहून जास्त वाढू द्यायचा नाही. दुसऱ्यात स्तन, प्रोस्टेट असे, ज्यांना पाच दिवसांपर्यंत सोसतं. तिसऱ्यात फक्त वेदना कमी करण्यासाठी उपचार घेणारे. पण या तिसऱ्या यादीत एक सापळा आहे. मणक्यात मज्जारज्जूवर दाब आलेला किंवा रक्तस्राव थांबत नसलेला पेशंट कागदोपत्री याच यादीत येतो, प्रत्यक्षात तो सगळ्यांच्या आधी येतो. त्याला त्याच दिवशी कोबाल्टवर घ्या, नाहीतर फोन करून दुसऱ्या रुग्णालयात पाठवा.

पहिल्या यादीतही शेवटच्या आठवड्यात असलेले सगळ्यात वर. दुसऱ्या आठवड्यातल्या पेशंटचे तीन दिवस पुढे कुठेतरी भरून काढता येतात. शेवटच्या आठवड्यातल्याकडे 'पुढे' नसतंच.

तुमच्या उदाहरणात हिशोब असा बसतो. एका पेशंटला सरासरी १२ मिनिटं धरली तर ४८ पेशंटना ९ तास ३६ मिनिटं लागतात. पहिल्या यादीत १४ जण आहेत असं धरू. त्यांना शुक्रवारी दोनदा घ्यायचं तर आणखी २ तास ४८ मिनिटं. सकाळी ७ वाजता त्या १४ जणांपासून सुरुवात केली तर ते ९:४८ ला संपतात. बाकीचे ३४ जण ४:३६ पर्यंत. मग पुन्हा तेच १४, शेवटचा ७:२४ ला बाहेर. दोन फ्रॅक्शनमध्ये किमान सहा तास लागतात, इथे साडेनऊच्या वर मिळतात. सकाळच्या तपासणीसाठी फिजिसिस्टला सव्वासहाला यावं लागेल आणि टेक्नॉलॉजिस्टच्या दोन पाळ्या कराव्या लागतील. एकाच जोडीला बारा तास कन्सोलवर (मशीन चालवण्याच्या पडद्यासमोर) बसवू नका. मशीन सुधारलं आणि चूक माणसाकडून झाली, असं तिथेच होतं.

या पद्धतीने मंगळवार ते गुरुवारची तीन फ्रॅक्शनं भरतात कशी? शुक्रवारी एक जादा, शनिवारी एक, पुढच्या शुक्रवारी आणखी एक जादा. शेवटची तारीख हलत नाही. ज्याचा उपचार त्याच शुक्रवारी संपणार होता, त्याची चार फ्रॅक्शनं उरली होती. शुक्रवारी दोन, शनिवारी दोन, आणि तो एकाच दिवसाच्या उशिराने मोकळा. दिवसातून दोनदा देताना प्लॅनमध्ये मज्जारज्जूला किती डोस जातोय तो पुन्हा पाहा. त्या ऊतीची दुरुस्ती सावकाश होते, सहा तासांत ती पूर्ण होत नाही. आठवड्याला सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) चालू असेल आणि त्याचा वार मशीन बंद असतानाच आला असेल, तर ते किरण पुन्हा सुरू होतील त्या दिवशी द्या. दोनदा देण्याची सोयच नसेल तर शेवटी एखादं फ्रॅक्शन वाढवून भरपाई करता येते, पण त्याची किंमत उशिरा दिसणाऱ्या दुष्परिणामांत मोजावी लागते. म्हणून तो शेवटचा पर्याय.

कोबाल्टवर हलवायचं का, असाही प्रश्न येतो. लिनॅकच्या ६ एमव्ही ऊर्जेच्या किरणांवर केलेला आयएमआरटी प्लॅन (जागेनुसार किरणांची तीव्रता बदलणारा) उचलून कोबाल्टवर टाकता येत नाही. ६ एमव्हीचा डोस त्वचेखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर सर्वाधिक होतो, कोबाल्टचा अर्ध्या सेंटिमीटरवर. प्लॅन नव्याने करावा लागतो, आणि तीन दिवसांसाठी तो करण्यात दीड दिवस जातो. बंद काळ आठवड्याच्या पुढे जाणार हे इंजिनिअरने सांगितलं, तरच त्या वाटेला जा.

मे महिन्यात मशीन का बंद पडलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण नागपुरात पहिला संशय चिलरवर (पाण्याने मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेवर) घ्यावा. गच्चीवरचा कंडेन्सर ४५ अंशांच्या वरची हवा ओढत असतो, पात्यांत धूळ आणि कापूस बसलेला असतो, बाजूला कोणीतरी पत्रा टेकवून ठेवलेला असतो. पाण्याचं तापमान वाढलं की इंटरलॉक (धोका दिसताच मशीन थांबवणारी यंत्रणा) मशीन बंद करतो, आणि तो आपलं काम बरोबर करत असतो. एप्रिल उजाडायच्या आत कंडेन्सर धुऊन घ्या, पाण्याचे फिल्टर बदला, गरम हवेला वर जायला मोकळी जागा ठेवा. दुसरा चिलर असेल तर प्रत्यक्ष बीम चालू ठेवून त्यावर बदली करून पाहा. नुसता चालू करून 'चालतोय' म्हणून शेरा मारलेले चिलर मे महिन्यात दगा देतात.

वीज जाऊन आली तर आणखी एक गोष्ट. २७ फेब्रुवारी २००१ रोजी पोलंडमधल्या बियाविस्तोकच्या कर्करोग रुग्णालयात उपचार चालू असताना वीज गेली. आल्यावर मशीन पुन्हा सुरू केलं. डोस मोजणाऱ्या यंत्रणेचा फ्यूज उडालेला होता आणि तो दोष पकडणाऱ्या इंटरलॉकमधला डायोडही निकामी होता. पडद्यावर सगळं ठीक दिसत राहिलं आणि पाच पेशंटना भयंकर जास्त डोस गेला. म्हणून वीज गेल्यानंतर, कितीही गर्दी असली तरी, पेशंटला आत घेण्यापूर्वी १०० एमयू (मशीन डोस मोजतं ते एकक) देऊन आउटपुट, म्हणजे मशीन प्रत्यक्ष किती डोस देतं ते, तपासा आणि वहीत सही करा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : आमचे नवे फिजिसिस्ट म्हणतात, मशीनचं आउटपुट साडेतीन टक्के कमी येतंय आणि ते वाढवून घ्यायला हवं. जुन्या नोंदी अगदी सरळ आहेत. विभागप्रमुख म्हणून मी यात पडावं का?

जरूर पडावं, आणि पहिला प्रश्न विचारावा: हवेचा दाब कुठून घेतला?

डोस मोजणाऱ्या आयन चेंबरच्या आत हवा असते. ती तापली किंवा दाब घटला की तिथल्या हवेचे रेणू कमी होतात आणि रीडिंग घटतं. म्हणून प्रत्येक मोजमापाला तापमान आणि दाबाच्या गुणकाने गुणावं लागतं. संदर्भ २० अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. खोलीत खरा दाब उन्हाळ्यात ९७२ च्या आसपास असेल, तेव्हा मोबाइलवरचं हवामानाचं ॲप १००७ दाखवतं, कारण ते समुद्रसपाटीला रूपांतर केलेला आकडा देतं. २२ अंशांना खऱ्या दाबाने गुणक १.०५० येतो, ॲपच्या आकड्याने १.०१३. फरक ३.६ टक्के. ॲपवर विसंबलेल्या माणसाला आउटपुट कमी 'दिसतं', तो ते वाढवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला साडेतीन टक्के जास्त जातात. मुंबईत हीच चूक केली तर कळतही नाही, तिथे दोन्ही आकडे जवळपास एकच असतात. किनाऱ्यावर शिकून आलेल्या माणसाकडून ती होऊ शकते, त्यात त्याला नालायक ठरवण्यासारखं काही नाही.

खोलीत ठेवलेला, कॅलिब्रेट केलेला बॅरोमीटर वापरा. मशीनचं आउटपुट हलवण्याआधी दुसऱ्या फिजिसिस्टने दुसऱ्या चेंबरने पाण्यात मोजलंच पाहिजे, हा नियम करा. एका माणसाच्या एका मोजमापावर आउटपुट बदलायचं नाही. टपालाने येणाऱ्या डोसमीटरची बाहेरची तपासणीही दरवर्षी मागवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून अशी तपासणी चालवतात, तिथे ५ टक्क्यांच्या आतला फरक मान्य धरतात.

रोजच्या वहीत ३ टक्क्यांची मर्यादा असते. फक्त 'पास' वाचू नका. २.१, २.४, २.७ असे आकडे ओळीने चढत असतील तर तिन्ही दिवस पास आहेत आणि तरीही मशीन काहीतरी सांगतंय.

प्रश्न : बाबांच्या जिभेचं ऑपरेशन झालं. गोंदियाहून नागपूरला आलो तर आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, दोन दात काढले, आता म्हणतात दोन आठवड्यांनी रेडिएशन सुरू होईल. मशीन तर रोज चालू दिसतं. आम्हाला मुद्दाम थांबवतात का?

नाही, आणि दातांचं काम आधी करणं चांगल्या विभागाचं लक्षण आहे. जबड्याच्या हाडाला किरण लागले की तिथला रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. पुढे किडलेला दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. म्हणून जे दात टिकणार नाहीत ते आधीच काढतात आणि जखम भरायला दहा ते चौदा दिवस देतात.

या दिवसांत बाकीचं काम थांबता कामा नये. एक दिवस चेहऱ्याचा साचा करतात: प्लॅस्टिकची जाळी ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं मऊ करून चेहऱ्यावर ओढतात आणि ती घट्ट होईपर्यंत बाबांना हलायचं नसतं. त्याच दिवशी सीटी स्कॅन. मग डॉक्टर प्रत्येक चित्रावर किरण कुठे जायचे आणि कुठे नाही हे आखतात, फिजिसिस्ट प्लॅन करतात, तो मशीनवर पेशंटशिवाय चालवून मोजतात. याला सहा ते आठ दिवस लागतात. तुम्ही एकच विचारा: 'ऑपरेशनच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू होईल ना?' उत्तर 'हो' असेल तर निश्चिंत राहा. 'नाही' असेल तर त्याच दिवशी विभागप्रमुखांना भेटा, आणि जागा नसेल तर दुसरीकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. ते मागण्यात अपमान कोणाचाच नाही.

तोपर्यंत खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) पूर्ण बंद. 'थोडासाच' नाही, सुपारीपुरताही नाही. तोंड किती उघडतं ते रोज बोटांनी मोजा आणि डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चुकवू नका. रेशनकार्ड, आधार, बायोप्सी आणि ऑपरेशनचे रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राकडे (सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाकडे) आजच जा. महात्मा फुले योजनेची मंजुरी साच्याच्या दिवसापर्यंत आलेली असली पाहिजे. नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि बायोप्सीवर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करा. अर्ज परत येतात ते बहुधा अशा गोष्टींवरून. गोंदियाहून ये-जा करायची असेल तर कॅन्सर पेशंटसाठी रेल्वेची सवलत आहे, तिचा फॉर्म विभागातच भरून मिळतो.

प्रश्न : दिवसाला सत्तर पेशंट होतात. काल एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन पेशंट लागोपाठ होते, थोडक्यात वाचलो. विभागप्रमुखांना काय सांगू? (रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट)

हे पत्र जसंच्या तसं त्यांना दाखवा. मेश्राम, उईके, रामटेके, वानखेडे ही आडनावं आपल्याकडे इतकी आहेत की नाव ही ओळख धरताच येत नाही.

पेशंटला 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारू नका. ऐकू कमी येणारे आजोबा कशालाही मान डोलावतात. 'पूर्ण नाव सांगा' म्हणा, मग नोंदणी क्रमांक आणि कन्सोलवरचा फोटो, तिन्ही जुळले तरच आत. साच्यावर नाव आणि क्रमांक ठळक लिहिलेला असावा. सारख्या नावाचे दोघे असतील तर वेळापत्रकात त्यांच्यात किमान एक तास ठेवा. हे वेळ देणाऱ्याचं काम आहे, तुमचं नाही. बालाघाट-छिंदवाड्याचे पेशंट हिंदी बोलतात, गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेल्या काहींना फक्त गोंडी कळते. त्यांच्या नातेवाइकाला पहिल्या दिवशी आत बोलवून समजावून सांगा.

साच्याबद्दलही. दोन बोटं सहज आत जायला लागली तर साचा सैल झाला. दर सोमवारी वजन घ्या. सुरुवातीपेक्षा १० टक्के घटलं तर नवा साचा, नवं सीटी. चित्र जुळवताना टेबल ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवायला लागलं तर सरकवून उपचार देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. साचा, मान आणि प्लॅन यांतलं काहीतरी बदललेलं आहे.

विभागप्रमुखांकडून एकच गोष्ट लेखी घ्या: शंका आली म्हणून थांबवणाऱ्याला पेशंट टेबलावरून सुखरूप उतरेपर्यंत कोणी जाब विचारणार नाही. आणि आकड्यांवर बोला. सत्तर पेशंटना १२ मिनिटांप्रमाणे १४ तास लागतात. ते तुम्ही दहा तासांत उरकत असाल, तर प्रत्येकाला साडेआठ मिनिटं मिळताहेत. तपासणी त्या वाचवलेल्या साडेतीन मिनिटांतच होणार होती.

प्रश्न : ब्रॅकीथेरपीचा इरिडियम सोर्स (किरणोत्सारी इरिडियमचा बारीक तुकडा) डॉक्टर दर तीन-चार महिन्यांनी बदलायला सांगतात. जुना अजून चालतो असं मशीन दाखवतं. खर्च कसा समर्थनीय ठरवायचा? (रुग्णालय प्रशासक)

इरिडियम-१९२ चं अर्धआयुष्य सुमारे ७४ दिवस, म्हणजे तेवढ्या दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो. नवीन सोर्सवर ज्या उपचाराला ७ मिनिटं लागतात, त्याला ७४ व्या दिवशी १४ आणि १४८ व्या दिवशी २८ मिनिटं लागतात. हा सगळा वेळ बाई गर्भाशयात धातूचं उपकरण घेऊन, पाय बांधलेल्या अवस्थेत पडून असते. उपकरण जरा सरकलं तर डोस मूत्राशयाला किंवा गुदाशयाला जातो. दिवसाला सहा जणी व्हायच्या तिथे तीनच होतात, आणि मग वर सांगितलेले ५६ दिवस ओलांडले जातात. वर्षाला चार सोर्स धरून वार्षिक करार करा, प्रत्येक वेळी नवी निविदा काढत बसू नका. निविदेच्या घोळात महिना गेला तर सोर्सचा एक चतुर्थांश जोर फायलीतच जातो.

सोर्स आल्यावर फिजिसिस्टने वेल चेंबरमध्ये (सोर्सचा जोर मोजणाऱ्या उपकरणात) मोजल्याशिवाय पेशंट घ्यायचा नाही. कंपनीच्या प्रमाणपत्रापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक असला तर थांबायचं. खोलीत लांब चिमटा, शिशाचं भांडं, सर्व्हे मीटर आणि स्टॉपवॉच कायम ठेवा, आणि सोर्स अडकला तर काय करायचं याची रंगीत तालीम वेळ लावून करा. आधी कन्सोलवरचं आपत्कालीन बटण, मग हाताने फिरवायचं चाक, तरी नाही आला तर उपकरणासकट काढून शिशाच्या भांड्यात. पेशंटला बाहेर नेऊन मीटर लावल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सोर्स तुटून पेशंटच्या शरीरात राहिला. भिंतीवरचा मॉनिटर वाजत होता, पण तो बिघडला असेल असं समजून कोणी मीटर लावलं नाही. पेशंट दगावली.

प्रश्न : गर्भवती टेक्नॉलॉजिस्टला सरळ रजेवर पाठवावं का?

नाही. तिने गर्भधारणा कळवल्यापासून पुढच्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाऊ नये, एवढी अट आहे. लिनॅकच्या कन्सोलवर ती काम करू शकते. ब्रॅकीथेरपी आणि कोबाल्टच्या खोलीत पेशंट बसवणं टाळा, कारण सोर्स आत बंद असला तरी कोबाल्टच्या डोक्यातून थोडी गळती चालूच असते. पोटाच्या पातळीवर एक जादा टीएलडी बॅज द्या. कळवल्यावर रजा किंवा बदली लादली जाते हे एकदा दिसलं, की पुढची मुलगी पाचव्या महिन्यापर्यंत सांगत नाही.

प्रश्न : आमच्याकडे बंद कोबाल्ट युनिट आहे. खोली हवी आहे. जुनं लोखंड म्हणून लिलावात काढण्याचा विचार चालू आहे. (स्टोअर विभाग)

तो विचार आजच थांबवा. सोर्स आत असेल तर ती चोवीस तास किरण देणारी वस्तू आहे, 'बंद' नाही. कोबाल्ट-६० चं अर्धआयुष्य ५.२७ वर्षं, दहा वर्षं पडून राहिला तरी चौथ्या हिश्श्याहून जास्त जोर शिल्लक असतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या लिलावातून गेलेलं कोबाल्टचं यंत्र फोडलं गेलं आणि त्यात एकाचा जीव गेला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात सोडून दिलेल्या किरणोपचार यंत्रातला सिझियम भंगारवाल्यांनी काढला, चार जण दगावले.

सोर्स काढून परत पाठवायला एईआरबीची परवानगी लागते. अर्ज सेफ्टी ऑफिसरमार्फत एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर करायचा. सोर्स अधिकृत एजन्सी काढते, ठरलेल्या पेटीत नेते, आणि पोचल्याची पावती मिळेपर्यंत त्याची जबाबदारी तुमच्या संस्थेची राहते. सोर्स गेला तरी थांबा: काही युनिटच्या डोक्यात संरक्षक आवरण म्हणून डिप्लिटेड युरेनियम (थोडा किरणोत्सारी जड धातू) असतं, तेही भंगारात देता येत नाही. तोपर्यंत खोलीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, दारावर किरणोत्साराची खूण आणि महिन्यातून एकदा सर्व्हे मीटरने घेतलेली नोंद. लिलावाच्या यादीत या खोलीतली एकही वस्तू, अगदी टेबलसुद्धा, सेफ्टी ऑफिसरच्या सहीशिवाय जाऊ देऊ नका.